दंडसमता : फाशीच्या शिक्षेचा इतिहास आणि आपली भूमिका



आपल्या माणसांवर अत्याचार झाला, कोणाचा खून पडला, की वस्तीतून मोर्चा निघतो. तहसील कचेरीत किंवा जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिले जाते आणि त्यातील पहिली मागणी बहुधा एकच असते : ‘आरोपींना फाशी द्या.’ या मागणीमागचा संताप खरा आहे. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ज्या महामानवाच्या प्रतिमेला हार घालून आपण मोर्चाला निघतो, त्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करावी असे मत मांडले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्यांना ठाऊक नाही त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जयंतीच्या व्याख्यानांतही हा विषय क्वचितच निघतो. म्हणून प्रस्तुत लेखात फाशीच्या शिक्षेचा इतिहास थोडक्यात पाहावा आणि खुनाच्या खटल्यात आपण न्याय म्हणून नेमके काय मागावे, याचा विचार वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले आहे.

तथागतांची शिकवण

गुन्हेगाराला राजाने ठार मारावे की नाही, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच तथागतांपुढे आला होता. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात महाविजित राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्यामाऱ्या आणि लूटमार माजली होती. अशा वेळी पुरोहिताने राजाला सांगितले की, वध, बंधन आणि हद्दपारी यांनी हा उपद्रव मुळापासून जाणार नाही. जे मारण्यातून वाचतील ते पुन्हा राज्याला छळतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे आणि गुरांना वैरण द्यावी, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना पुरेसे वेतन द्यावे. माणसे आपापल्या कामात गुंतली की राज्यात आपोआप शांतता नांदेल. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून निर्धास्त राहू लागले.

त्याच निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्त याहून कठोर आहे. तेथील राजा इतर सर्व कर्तव्ये पाळतो, पण गरिबांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी जन्मते. पहिल्या चोराला राजा द्रव्य देऊन सोडतो. ते पाहून द्रव्याच्या आशेने दुसरे चोरी करू लागतात. तेव्हा राजा एका चोराचे मस्तक उडवतो. परिणाम काय होतो? लोक म्हणतात, आपणही शस्त्रे करावीत आणि ज्यांना लुटायचे त्यांची मस्तके उडवावीत, म्हणजे सांगायला कोणी उरणार नाही. अशा रीतीने राजाच्या वधदंडातून प्रजेत हत्या शिरते. आजच्या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकालाही थांबून विचार करायला लावील अशी ही मांडणी आहे.

अंगुलिमालाची कथा तर घराघरात माहीत आहे. मज्झिमनिकायातील या कथेत कोसलचा राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्या खुनी दरोडेखोराला पकडायला निघतो आणि वाटेत तथागतांकडे येतो. अंगुलिमाल तेथेच चीवर पांघरून बसलेला असतो. राजा त्याला पकडत नाही, वंदन करतो. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या कथेला स्थान दिले आहे. मात्र कथेचा शेवट आपण बरेचदा विसरतो. भिक्षू झालेल्या अंगुलिमालावर लोकांनी दगड-काठ्या मारल्या, त्याचे डोके फुटले, भिक्षापात्र फुटले आणि तथागतांनी त्याला ते सहन करायला सांगितले. कृत्याचे फळ त्याला चुकले नाही. त्याच्या जिवाला मात्र बदलायला वेळ मिळाला.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. धम्म म्हणजे अपराध्याला मोकळे सोडणे नव्हे. बाबासाहेबांच्या त्याच ग्रंथात वैशालीच्या सेनापतीने हा प्रश्न विचारला आहे आणि जो शिक्षेस पात्र आहे त्याला शिक्षा झालीच पाहिजे असे उत्तर त्याला मिळाले आहे. तेव्हा आपल्यापुढील प्रश्न शिक्षा असावी की नसावी हा नाही. ती कोणती असावी, कोणाला मिळावी आणि सर्वांना सारखी मिळते की नाही, हा आहे.

सम्राट अशोक, मनू आणि फाहियान

सम्राट अशोकाने मृत्युदंड रद्द केला होता असे काही वक्ते सांगतात. ते खरे नाही. त्याच्या चौथ्या स्तंभलेखात, म्हणजे राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या लेखात, वधाची शिक्षा झालेल्या कैद्यांना तीन दिवसांची सवलत दिलेली आहे. या तीन दिवसांत नातेवाइकांनी त्यांच्या जीविताची विनवणी करावी, ते शक्य नसेल तर दान व उपवास करून परलोकाची तयारी करावी, असा त्याचा आशय आहे. शिक्षा होतीच, पण निकाल आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये दयेसाठी जागा ठेवणारी ही व्यवस्था आपल्या देशातील अशा प्रकारच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी आहे. आजचा दयेचा अर्ज आपण येथून सुरू झालेला पाहू शकतो.

त्याच लेखात सम्राटाने आपल्या ‘रज्जुक’ नावाच्या अधिकाऱ्यांकडून दोन गोष्टींची अपेक्षा केली आहे : व्यवहारसमता आणि दंडसमता. खटला चालविण्याची रीत सर्वांना सारखी असावी आणि शिक्षाही सर्वांना सारखी असावी. आमच्या मते या लेखातील सर्वांत क्रांतिकारक भाग हाच आहे. या लेखाला आम्ही त्यातलाच एक शब्द मथळा म्हणून दिला आहे.

मनुस्मृतीत याच्या नेमके उलटे आहे. आठव्या अध्यायात इतर वर्णांना देहदंड सांगितला आहे, त्या ठिकाणी ब्राह्मणाला मुंडन सांगितले आहे. त्याने कोणतेही पाप केले तरी राजाने त्याला मारू नये, धनासह देशाबाहेर घालवावे असे म्हटले आहे. दहाव्या अध्यायात तर राजाज्ञेने वध करण्याचे काम चांडाळांवर सोपविले आहे आणि मेलेल्याचे कपडे, बिछाना व दागिने त्यांनी घ्यावेत असे सांगितले आहे. निकाल देणारा वरचा, मरणारा बहुधा खालचा आणि मारण्याचे काम करून वर विटाळ सोसणारा सर्वांत खालचा, अशी ही रचना आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी या ग्रंथाचे दहन केले, त्यात विषम दंडाची ही पानेही जळाली.

या संदर्भात चिनी भिक्षू फाहियानची साक्ष महत्त्वाची आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी तो भारतात आला. मध्यदेशाचे वर्णन करताना तो लिहितो की, येथील राजा देहदंड देत नाही. गुन्ह्याच्या मानाने दंड वसूल करतो. हे वाचून अभिमान वाटतो. पण तोच फाहियान पुढे सांगतो की, चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवीत येतात, म्हणजे लोकांना दूर होता यावे. याचा अर्थ काय? वधस्तंभ नसलेले राज्यसुद्धा अन्यायी असू शकते. फाशी रद्द झाली म्हणजे समता आली असे मानण्याची चूक आपण करू नये.

आजच्या बौद्ध देशांकडे पाहिले तरी हेच दिसते. भूतानने २००४ साली मृत्युदंड रद्द केला. कंबोडियाच्या संविधानात तो नाही. श्रीलंकेत कायद्यात शिक्षा असूनही १९७६ नंतरची कित्येक दशके एकही फाशी दिली गेली नाही. दुसरीकडे थायलंड आणि जपान या देशांनी २०१८ सालीही मृत्युदंड अमलात आणला आणि म्यानमारच्या लष्करी राजवटीने जुलै २०२२ मध्ये चार राजकीय विरोधकांना मारले. राष्ट्राने बौद्ध म्हणवून घेतल्याने राज्यकारभार धम्माचा होत नाही.

पेशवाई ते इंग्रजी कायदा

मराठी राज्यातील सर्वांत गाजलेला खून म्हणजे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला नारायणराव पेशव्यांचा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना या अपराधाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हे मराठी मुलांना शाळेतच कळते. शास्त्रीबुवांचा बाणेदारपणा वंदनीय आहे. परंतु पुढचा भागही लक्षात ठेवला पाहिजे : ते देहान्त प्रायश्चित्त कधीच अमलात आले नाही. ज्याच्या हाती सत्ता होती त्याच्यापर्यंत निकाल पोचला नाही. त्याच काळात सामान्य माणसासाठी कडेलोट, हत्तीच्या पायी देणे, तोफेच्या तोंडी देणे या शिक्षा होत्याच.

यानंतर दोनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १७७५ रोजी, कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना फाशी झाली. त्यांनी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप केला होता. त्यानंतर त्यांच्यावर खोटा कर्जरोखा तयार केल्याचा खटला उभा राहिला. बनावट दस्तऐवजाला येथील रिवाजात मृत्युदंड नव्हता, इंग्लंडच्या कायद्यात होता. तो परका कायदा लावून त्यांना फासावर चढविण्यात आले. ब्राह्मणालाही फाशी होऊ शकते हे लोकांनी पाहिले, हे खरे. पण ही दंडसमता नव्हती. राज्यकर्त्याविरुद्ध तोंड उघडणाऱ्याची काय गत होते, याचा तो धडा होता.

बनावट कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर इंग्लंडमधील एक हकिकत आम्हा बँकेतील माणसांना विशेष विचार करायला लावणारी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये दोनशेहून अधिक अपराधांना मृत्युदंड होता. बनावट नोटा व खोट्या सह्या हेही त्यांत होते. १८३० साली दोनशेहून अधिक शहरांतील बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला की, या गुन्ह्याची फाशी काढून टाका. त्यांना खोट्या सह्या करणाऱ्यांचा पुळका आला नव्हता. एका सहीसाठी माणूस फासावर जाईल या धास्तीने ज्युरी आरोपीला दोषी ठरवायलाच तयार होत नव्हती आणि गुन्हेगार सुटत होते. शिक्षा जितकी भयंकर तितकी तिची खात्री कमी, हा अनुभव त्यांनी घेतला होता. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ सालीच सांगितले होते की, गुन्ह्याला आळा बसतो तो शिक्षेच्या क्रूरपणाने नव्हे, तिच्या निश्चितपणाने. पुढे त्याच इंग्लंडने १९६५ साली खुनाची फाशीही बंद केली.

आपल्याकडे मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. वर्णानुसार वेगळी शिक्षा हा प्रकार या कायद्यात नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण इंग्रजांचा फास बंड करणाऱ्यांसाठी नेहमीच तयार असे. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजी नाईकांना आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली. त्याच वर्षी २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फासावर चढविले गेले, तेव्हा बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्रात ‘तीन बळी’ या मथळ्याचा अग्रलेख आला. फाशीमागे न्यायापेक्षा राजकारणाचा हिशेब कसा असतो, हे बाबासाहेबांनी त्या काळीच ओळखले होते.

३ जून १९४९

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकारांवर चर्चा चालू होती. फाशी झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क असावा, अशी काही सभासदांची मागणी होती. बाबासाहेबांनी उत्तरात सांगितले की, असा अपिलाचा अधिकार ठेवण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपला अधिक पाठिंबा राहील, म्हणजे हा वादच संपेल. हा देश एकंदरीत अहिंसेचे तत्त्व मानणारा आहे; लोक ते प्रत्यक्षात पाळत नसले तरी नैतिक आज्ञा म्हणून मानतात; म्हणून फाशी पूर्णपणे काढून टाकणे हेच या देशाला योग्य होईल, असा त्यांचा आशय होता.

हे शब्द कोणत्या वर्षी उच्चारले गेले ते पाहा. गांधीजींच्या खुनाचा खटला तेव्हा उच्च न्यायालयात होता. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी फाशीच्या शिक्षा सुनावल्या होत्या. देशभर संताप होता. गांधीजींच्या मणिलाल व रामदास या मुलांनी मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात दोघांना फाशी झाली. अशा वातावरणात फाशी रद्द करा असे म्हणायला छातीचे धैर्य लागते. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली १९५६ साली. पण धम्माची ही दृष्टी त्यांच्या कायदेपंडिताच्या बुद्धीत त्याआधीच रुजली होती, असे आम्हांस वाटते.

त्यांचे मत संविधानात उतरले नाही. मात्र त्यानंतरचा कायदा हळूहळू त्याच दिशेने सरकत गेला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे खुनाला फाशी हाच नियम होता आणि न्यायाधीशाने फाशी न दिल्यास त्याची कारणे लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ही अट गेली. १९७३ च्या नव्या संहितेने उलट नियम केला : जन्मठेप हा नियम आणि फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहिली पाहिजेत. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरविली, पण ती केवळ ‘विरळातील विरळ’ प्रकरणात द्यावी असे बंधन घातले. विरोधी मत न्यायमूर्ती भगवती यांचे होते आणि फाशीचा भार मुख्यतः गरिबांवर पडतो, हा त्यांचा एक प्रमुख मुद्दा होता. १९८३ मध्ये मिठू खटल्यात जन्मठेपेच्या कैद्याने केलेल्या खुनाला सक्तीची फाशी सांगणारे कलम ३०३ रद्दबातल झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये कायदा आयोगाने २६२ व्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून फाशी रद्द करण्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये खुनाला फाशी किंवा जन्मठेप कायम आहे. वंश, जात, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेला खून त्यात प्रथमच वेगळा नमूद झाला आहे. या तरतुदीकडे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवावे.

महाराष्ट्रातील काही खटले

तत्त्व बाजूला ठेवून आता अनुभव पाहू. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड घडले. दहा जणांचे खून झाले. मारेकरी कलामहाविद्यालयात शिकणारे तरुण होते. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुण्याने सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु अकराच वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, त्याच पुण्यात एका कुटुंबातील सात जणांची हत्या झाली. चार फाशी त्या मारेकऱ्यांच्या आड आल्या नाहीत.

या दुसऱ्या खटल्याचा शेवट फारसा कोणाला माहीत नाही. फाशी झालेल्या एका आरोपीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती. २७ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने त्याला सोडले, कारण गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांचे होते असे सिद्ध झाले. बालगुन्हेगाराला फाशी देताच येत नाही. त्या वेळी त्याच्या कैदेला अठ्ठावीस वर्षे झाली होती. गुन्हा भयंकर होता, यात शंका नाही. पण आरोपीचे वय किती, हा पहिला प्रश्न कोणी नीट विचारला नव्हता.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्याचे आहे. २००३ साली शेतातील झोपडीवर दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतील सहा गरीब माणसे पकडली गेली. सत्र न्यायालयाने सर्वांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी केली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. नंतर पुनर्विचार अर्जावर सुनावणी झाली आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते आणि ते दाबून ठेवले गेले होते, हे न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. दरम्यान त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. खरे गुन्हेगार मोकळेच राहिले, म्हणजे मेलेल्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

बँकेच्या खातेवहीत चुकीची नोंद झाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद टाकून हिशेब जुळवता येतो. फाशीच्या नोंदीला उलट नोंद नाही. २००९ नंतर त्या सहा जणांना फासावर चढविले असते, तर २०१९ चा निकाल कोणाला वाचून दाखवायचा होता?

आणि या सहा जणांचे भटके व गरीब असणे हा योगायोग नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन २०१६ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार ७४.१ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, ७६ टक्के मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्याक होते आणि २४.५ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे होते. ज्याच्याकडे चांगला वकील करण्यास पैसा नाही त्याच्याच गळ्यात दोर पडतो. ‘फाशी द्या’ ही घोषणा आपण देतो, तेव्हा तो दोर पुढे कोणाच्या दिशेने वळेल, याचा हिशेब आपण केला आहे काय?

खैरलांजी

येथे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे : मग खैरलांजीचे काय?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार केले. वडील तेवढे वाचले. साऱ्या महाराष्ट्रात आपला समाज रस्त्यावर आला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. अनेकांना न्याय झाला असे वाटले. परंतु त्याच निकालात हा गुन्हा जातीच्या कारणाने झाला नाही असे म्हणून अत्याचार प्रतिबंधक कायदा लावण्यास नकार दिला गेला होता. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. जुन्या मारहाणीच्या प्रकरणात दिलेल्या साक्षीचा हा सूड होता, जातीचा प्रश्न नव्हता, असेच मत तेथेही पडले.

आमचे म्हणणे असे की, खैरलांजीत आपण हरलो ते फाशी रद्द झाली त्या दिवशी नव्हे. जातीचे नाव निकालपत्रातून वगळले गेले त्या दिवशी हरलो. फाशीच्या आनंदात ते आपल्या ध्यानात आले नाही. दोर मिळाला आणि तो गेलाही. पण हा खून जातीने केला, हे कायद्याच्या कागदावर लिहिले गेले नाही. ते लिहिले गेले असते तर पुढच्या प्रत्येक खटल्यात ते कामी आले असते.

याहून उघडे उदाहरण खर्डा येथील आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या गावात २८ एप्रिल २०१४ रोजी दलित कुटुंबातील सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण अनेक साक्षीदार न्यायालयात उलटले. कायद्यात फाशी होती. तिचा येथे काय उपयोग झाला? कमी पडली ती शिक्षेची तीव्रता नव्हे. तपास कमी पडला आणि साक्षीदारांना धीर देणारे कोणी नव्हते. १८३० च्या इंग्रज बँकवाल्यांना जे कळले होते तेच येथे दिसते.

आपण काय करावे?

ज्यांच्या घरातील माणूस मारला गेला, त्यांनी फाशी मागितली तर त्यांना उपदेश करण्यास आम्ही जाणार नाही. त्या घरात तथागतांचे नाव घेऊन शांत बसा म्हणणे हा निर्दयपणा होईल. परंतु संघटनेचे, मंडळाचे, समाजाच्या जाणत्या माणसांचे काम संतापात भर घालण्याचे नाही, खटला उभा करण्याचे आहे. म्हणून काही गोष्टी सुचवितो.

पहिली, फिर्याद नोंदविताना अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे आणि जातीवरून झालेली शिवीगाळ, धमक्या, जुने वाद यांचा तपशील पहिल्याच दिवशी नोंदवून घ्यावा व फिर्यादीची प्रत मोफत मागून घ्यावी. दुसरी, १९९५ च्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नसावा, हे पाहावे. तिसरी, २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांना व साक्षीदारांना संरक्षणाचे आणि सुनावणीची माहिती मिळण्याचे हक्क दिले आहेत. ते लेखी मागावेत. चौथी, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करावा. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक तारखेला मंडळाचे दोन सभासद न्यायालयात हजर राहावेत. मोर्चाला पाच हजार माणसे येतात आणि तिसऱ्या वर्षीच्या तारखेला साक्षीदार एकटाच उभा असतो, ही आपली खरी दुबळी जागा आहे.

आणि आपल्याच वस्तीतील एखादा मुलगा खुनाच्या आरोपात सापडला, तर त्याला लगेच वाळीत टाकू नये. तो दोषी असेल तर शिक्षा भोगील. पण त्याचे वय, त्याची परिस्थिती, त्याची बाजू न्यायालयापुढे नीट मांडली जाईल एवढे आपण पाहिले पाहिजे. दंडसमता म्हणजे आपल्या मारेकऱ्याला कठोर आणि आपल्या माणसाला सौम्य शिक्षा नव्हे. ती दोघांनाही एकाच मापाने मोजते.

सम्राट अशोकाने मरणाऱ्या कैद्याला तीन दिवस दिले. बाबासाहेबांनी १९४९ साली याहून पुढचे पाऊल सुचविले. त्या पावलावर कायदा कधी चालेल हे आपल्या एकट्याच्या हाती नाही. तोवर निवेदनाच्या पहिल्या ओळीत ‘फाशी द्या’ ऐवजी ‘खरा तपास करा, खरे कलम लावा, साक्षीदाराला संरक्षण द्या आणि खटला वेळेत चालवा’ असे लिहिणे मात्र आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यालयात निवेदन लिहायला बसाल, तेव्हा याचा विचार अवश्य व्हावा, एवढीच विनंती.

जय भीम! जय भारत!